सुई आणि परात

चौकटीची काच काढून बाजूला ठेवली आणि जतनवाल्या मॅडम नुसत्या "अगं बाई" म्हणाल्या. आवाज चढवला नाही की कपाळाला हात लावला नाही. घरी येऊन पिशवी उलटी करावी आणि एखादं वांगं किडकं निघावं, तेव्हा म्हणतात तेवढंच. पण शिडीवर उभा असलेला दिवेवाला उजेड जागच्या जागी थिजला. त्याच्या हातात नुकताच छताच्या पट्टीवरून उतरवलेला दिवा होता, तो त्याने उगाचच छातीशी धरला. प्रदर्शन काल संपलं होतं. दालनाच्या खिडक्यांवरचे काळे पडदे चार महिन्यांनी बाजूला झाले होते आणि सकाळच्या साध्या, कुणीही न नेमलेल्या उजेडात टेबलावर ते चित्र पडलं होतं. वरून त्याला ते उलटं दिसत होतं, तरी दिसायचं ते दिसलंच. कागदावर एक फिका गोल होता, वाटीएवढा. आणि त्या गोलाच्या काठाला एका बाजूला उंदराने कुरतडावं तसा एक छोटा चावा होता. मॅडमना गोल दिसला. चावा बहुधा दिसला नाही, किंवा दिसूनही त्याचं काही वाटलं नाही. ज्याला वाटायचं तो शिडीवर होता.

उजेड हे अर्थातच त्याचं नाव नव्हतं. दालनात दिवे लावायचं काम करतो म्हणून कुणीतरी गमतीने म्हणायला लागलं आणि वीस-बावीस वर्षांत ते अंगाला चिकटलं. "उजेडराव, चहा आलाय", "उजेडला विचारा, तो शिडीवर असेल". तोही हसून ओ देई. यातली खरी गंमत त्याने कुणाला सांगितली नव्हती. शाळेत निकाल लागला की वडील प्रगतिपुस्तक उघडायच्या आधीच विचारायचे, "काय उजेड पाडलात यंदा?" आणि उघडल्यावर काही न बोलता सही करायचे. त्या माणसाच्या मुलाने पुढे उजेड पाडण्यावरच पोट भरावं, हा नशिबाने केलेला विनोद वडील असते तर त्यांनाही आवडला असता. म्हणजे हसले नसते. पण सही केली असती.

आणि काम तो चोख करायचा, यात वाद नव्हता. त्या दिव्यांचं प्रकरण बाहेरून दिसतं तितकं अवघड नसतं. मागे दाण्याएवढा लखलखीत दिवा. त्याच्यापुढे उजेड गोळा करणारं जाड भिंग. मग गोल भोक पाडलेली लोखंडी चकती, आणि पुढच्या नळीत मागेपुढे सरकणारी दोन भिंगं. ती भिंगं त्या भोकाचं चित्र भिंतीवर पाडतात. नळीवरचं कडं फिरवलं की भिंगं सरकतात आणि भिंतीवरचा गोल लहानमोठा होतो. पार मोठा झाला की दालनातले लोक त्याला परात म्हणत आणि पार बारीक झाला की सुई. कारखान्याच्या कागदावर अंशांचे आकडे होते, पण तो कागद कुणी वाचत नसे. "परातीवर घे", "जरा सुईकडे आण", "काठ मऊ कर", एवढ्यावर मोठमोठी प्रदर्शनं उभी राहिली होती. उजेड तोच आणि तेवढाच. परातीत पसरला की पातळ होतो, सुईत कोंबला की जहाल. हे ज्याला हाताने कळतं तो दिवेवाला. उजेडला ते हाताने कळत होतं. म्हणूनच त्याला आता शिडीवरून उतरायला पाय सापडत नव्हते.

चावा त्याच्या ओळखीचा होता. प्रदर्शन लावताना सोळा नंबरच्या दिव्याची चकती त्याच्या हातून निसटून फरशीवर पडली होती आणि भोकाच्या काठाला पोचा बसून लोखंडाची एक जीभ आत आली होती. दुसरी चकती घालायला हवी होती. पण दुसरी चकती आणायची तर तळघरात जायचं, आणि दिवा परातीवर ठेवला की चित्राच्या चारही बाजूंना वीतभर उजेड सांडतो. काठ कुठे भिंतीवर पडणार, त्याला चावा असला काय नि नसला काय. जीभ वर डावीकडे होती. भिंग सगळं उलटं दाखवतं, म्हणून भिंतीवर ती खाली उजवीकडे पडे. टेबलावरच्या कागदावरही चावा खाली उजवीकडेच होता. इतकं सरळ होतं ते. चोराने खिडकीतून उडी मारावी आणि चिखलात चपलेचा ठसा मागे राहावा, तसं. (ही उपमा त्याला शिडीवरच सुचली, आणि मग दिवसभर तो 'चोर' या शब्दाशी हुज्जत घालत राहिला.)

"उजेड, खाली ये बरं जरा," मॅडम म्हणाल्या. "हे सायकलच्या चित्रवाल्या बाईंचं ना?"

"हो."

"गुलाबी पार उडालाय बघ. पोरीचा फ्रॉक होता ना इथे? फ्रॉक गेला, तोंड गेलं. नुसत्या रेघा उरल्यात, त्याही तपकिरी." त्या भिंग लावून वाकून बघत होत्या. "स्केचपेनचं काही खरं नसतं. आलं तेव्हा कसं होतं हे? आपण चौदा चित्रं एका फोटोत काढली होती, त्यात तर काहीच कळत नाही. मुलांची चित्रं म्हणून घाई केली आपण सगळ्यांनी." मग सरळ होऊन त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं. नुसता विश्वास होता, बावीस वर्षांचा. "तुझी वही आण रे. आकडे बघून टाकू म्हणजे झालं."

वही आणायला तो गेला तेव्हा वाटेत नळावर थांबून त्याने हात धुतले. हात स्वच्छ होते. वही खुर्चीखाली, नेहमीच्या जागी. दर सोमवारी, दालन बंद असतं तेव्हा, मीटर घेऊन प्रत्येक चित्रापाशी उजेड मापायचा आणि आकडा लिहायचा, असा नियम. स्केचपेनच्या चित्रांवर पन्नासच्या वर जायचं नाही. सोळा नंबरच्या रकान्यात वर दोन अडतीस, मग पार खालपर्यंत पंचेचाळीस, पंचेचाळीस, पंचेचाळीस. अक्षर सुंदर होतं. थोरल्या भावाने, दादाने, घटवून घेतलेलं अक्षर. मॅडमनी बोट वरून खाली फिरवलं आणि त्यांचा खांदा सैल झाला, ते त्याला दिसलं. "मग आपल्याकडून नाही झालेलं," त्या म्हणाल्या. "घरीच ऊन लागलं असणार. वर्षानुवर्षं खिडकीशी लावून ठेवतात हो लोक. बिचारी. तीनला येणार आहे न्यायला, सांगावं लागेल नीट." आणि तो म्हणाला, "हं." दोन अक्षरंसुद्धा नाहीत. हं.

जेवणाच्या सुट्टीत तो मागच्या पायरीवर डबा न उघडता बसला. 'हं' म्हणजे काही 'हो' नव्हे, असं त्याने स्वतःला समजावून पाहिलं. 'हं' म्हणजे ऐकलं. 'हं' म्हणजे पुढे बोला. पण मॅडमना पुढे बोलायचं नव्हतं आणि त्यालाही ते ठाऊक होतं. समोरच्या भिंतीवर एक मांजर उन्हात डोळे मिटून बसलं होतं, त्याचा त्याला राग आला. मग आठवू नये म्हटलं तेच आठवायला लागलं. उद्घाटनाचा दिवस, दुपारची वेळ, पाहुणे यायला अर्धा तास होता. दालनात तो एकटा. आणि दारातून डोकावून एक बाई, पासष्टीच्या असतील, हातात दुमडलेली छत्री, पायांतल्या चपला दाराशी काढू की नको अशा घोटाळ्यात. "येऊ का? मी लवकर आले. गर्दीत मला काही सुचत नाही." तो म्हणाला, या ना. चपला राहू द्या. त्या भिंतीभिंतीने चालत सोळा नंबरपाशी आल्या आणि पुढे झुकून, मागे सरून, पुन्हा झुकून बघायला लागल्या.

"तुम्हीच का ते दिव्यांचे?"

"हो, मीच."

"रागावू नका हं. पण हे फार अंधुक नाही का? तिचं तोंडच दिसत नाही मला. मोतीबिंदू झालाय एका डोळ्यात, त्यामुळेही असेल."

ती म्हणजे चित्रातली मुलगी. चित्रात एक घर होतं, घराला दार नव्हतं पण तीन खिडक्या होत्या. दोरीवर कपडे वाळत होते, एक आई होती, आणि आईपेक्षा डोकं वर अशी मोठी, गुलाबी फ्रॉकमधली मुलगी सायकलवर बसली होती. सायकलला पाच चाकं. "चार म्हणजे पडायला नको म्हणून," बाई म्हणाल्या, "आणि एक पंक्चर झालं तर असावं म्हणून. मी म्हटलं, अगं मग हवा भरायला पंपही काढ. तर म्हणाली, पंप घरात आहे, तो कसा दिसेल?" त्या हसल्या. "माझ्या लेकीला सातवं लागलं होतं तेव्हा. नऊ पूर्ण व्हायच्या आत गेली. ताप आला, एवढंच. हे एकच राहिलंय. बाकीची वह्यांतली होती, ती तेव्हा कुणी आवरासावर केली त्यात गेली."

शिडी जवळच होती. तो चढला, कडं फिरवलं, परात आक्रसत आक्रसत वाटीएवढी झाली आणि नेमकी त्या मुलीवर येऊन थांबली. काठ थोडा मऊ केला. गुलाबी फ्रॉक पेटला. खरंच, दुसरा शब्द नाही. कालपर्यंत जो नुसता रंगवलेला कागद होता तो आतून उजळल्यासारखा दिसायला लागला, आणि मुलीचे दोन ठिपक्यांचे डोळे सरळ बाईंकडे बघायला लागले. बाईंनी छत्री खाली ठेवली. तोंडावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "असं मला कधीच दिसलं नव्हतं हो. काय हात आहे तुमचा." आणि शिडीवर, पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. काय उजेड पाडलात, असं आयुष्यभर ऐकलेल्या माणसाला कुणीतरी तीच गोष्ट सरळ अर्थाने म्हणालं होतं.

पाच मिनिटं. बाईंनी पाच मिनिटंच मागितली होती. त्या गेल्या की परातीवर परत घ्यायचं, हे त्याने ठरवलं होतं आणि अगदी घेणारही होता. पण तेवढ्यात पाहुणे आले, आणि पाहुणे सगळ्या भिंती सोडून सोळा नंबरपाशी थांबायला लागले. कुणी म्हणालं, वा. कुणी म्हणालं, बाकी चित्रं ठीक आहेत, पण हे बघा. मॅडमसुद्धा लांबून म्हणाल्या, "सायकल मस्त उठलीय." तो खांबाला टेकून ऐकत होता. उद्या घेऊ. उद्या रविवार, गर्दी असते, परवा घेऊ. परवा सोमवार, मापायचा दिवस. मीटर तो नेहमी चित्राच्या खाली डाव्या कोपऱ्यात धरायचा, नावाच्या पाटीजवळ, काचेला हात लागायला नको म्हणून. परात असली की कोपरा काय नि मध्य काय, सगळीकडे सारखंच. त्या दिवशी कोपऱ्यात आकडा आला अडतीस. मग पुढच्या सोमवारी अडतीस. तिसऱ्या सोमवारी शेजारचा दिवा जरा वळवला होता म्हणून एकतीस.

इथे तो पायरीवर बसल्या बसल्या थांबला. इतका वेळ आठवण उताराला लागल्यासारखी येत होती, इथे तिला धोंडा लागला. कारण इथपर्यंत विसरलो म्हणता येत होतं. इथून पुढे येत नव्हतं. आकडा कमी झाला तर चित्र सुखरूप, असं मीटर न कळणाऱ्या माणसाला वाटेल. पण दिवेवाल्याला? कोपरा काळवंडला म्हणजे उजेड कुठेतरी गोळा झाला. हे त्याला दादाने शिकवलं होतं, नोकरी लागायच्या कितीतरी आधी. तिसऱ्या सोमवारी तो एकतीस आकडा बघत उभा राहिला आणि त्याला सगळं कळलं. मीटर दोन वीत उजवीकडे, त्या मुलीच्या तोंडासमोर धरलं असतं तर काय आलं असतं तेही त्याला कळलं, चारशे, पाचशे. म्हणूनच त्याने ते धरलं नाही. एकतीस लिहिलं तर मॅडम विचारतील, एवढा कमी कसा, म्हणून पंचेचाळीस लिहिलं. त्यानंतर सोळा नंबरपाशी मीटर काढलंच नाही. चार महिने रोज आठ तास तो त्या मुलीच्या तोंडावर सुई रोखून ठेवत होता, आणि संध्याकाळी खांबाला टेकून लोकांची 'वा' ऐकत होता. त्याला ती 'वा' हवी होती. किती, याची लाज त्याला आता वाटायला लागली.

ही लाज नवी नव्हती, हेही त्याला माहीत होतं. तिचा वास ओळखीचा होता. खडूचा आणि मैदानातल्या धुळीचा. दादा त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आणि जन्मापासून डोळ्यांनी अधू. चष्म्याची भिंगं इतकी जाड की आतले डोळे वाटाण्याएवढे दिसायचे. शाळेत सगळे त्याला ढापण्या म्हणत. नव्या शाळेतलं पहिलं वर्ष, मोठ्या मुश्किलीने चार मित्र झालेले, मधली सुट्टी. आणि मैदान ओलांडून दादा चाचपडत येताना दिसला, हातात कंपासपेटी. घरी विसरलेली. कुणीतरी विचारलं, "ए, हा ढापण्या तुझ्याकडे का येतोय? कोण लागतो तुझा?" आणि तो म्हणाला, "कुणी नाही. आमच्या शेजारी राहतो." दादा तोवर पाच पावलांवर आला होता. डोळे अधू होते, कान नव्हते. तो थांबला नाही, चिडला नाही. जवळ येऊन पेटी पुढे केली आणि म्हणाला, "घे. तुझ्या आईने दिलीय."

तुझ्या. एवढा एकच शब्द. आईने दिलीय, असं म्हणाला असता तर खोटं उघडं पडलं असतं. दादाने ते पडू दिलं नाही. धाकट्या भावाचं खोटं त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतलं, आणि शेजाऱ्यासारखा वळून निघून गेला. घरी सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी चष्मा काढून, वाचायचं भिंग टेबलावरच्या दिव्यासमोर धरून, भिंतीवर दिव्याचं उलटं चित्र पाडून दाखवत म्हणाला, "हे बघ, भिंग उजेड तयार करत नाही. आहे तोच गोळा करतं. इथे जास्त दिसतोय ना, तो दुसरीकडून काढलेला असतो. आजूबाजूला बघ, काळं झालंय." धाकटा भिंतीकडे बघत राहिला, दादाकडे नाही. चष्म्याशिवाय दादाचे डोळे किती मोठे आणि सुंदर आहेत ते त्याला बघवत नव्हतं. तेव्हाही त्याने 'हं' म्हटलं होतं. अजून दर रविवारी दादाचा फोन येतो. दिवे कसे आहेत, गुडघे कसे आहेत. चाळीस वर्षांत त्या मैदानावर दोघांपैकी कुणी परत गेलं नव्हतं.

तीनला पाच कमी असताना सायकलवाल्या बाई आल्या. तीच छत्री. या वेळी चपलांचा घोटाळा नव्हता; ओळखीच्या घरी आल्यासारख्या त्या सरळ आत आल्या, त्याला बघून हात हलवला आणि टेबलापाशी गेल्या. मॅडमनी आधी त्यांना बसवलं, पाणी दिलं, मग सांगितलं. फार चांगल्या शब्दांत सांगितलं. रंग कसे नाजूक असतात, ऊन कसं हळूहळू खातं, रोज बघणाऱ्याला कसं कळत नाही. तो पट्टीखाली उभा राहून एक वायर गुंडाळत होता, सोडत होता, गुंडाळत होता. दालनातले सगळे दिवे उतरले होते. का कोण जाणे, सोळा नंबरचा तेवढा त्याने वर ठेवला होता.

"स्वयंपाकघरात लावलं होतं मी," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फार लहान झाला होता. "खिडकीसमोरच. पोळ्या करताना दिसावं म्हणून. सकाळी थोडं ऊन यायचं तिथे. थोडंच यायचं हो." मग, "म्हणजे मीच घालवलं म्हणायचं."

"असं नका म्हणू. तुम्हाला कसं ठाऊक असणार?"

"नाही, पण मीच ना. माझ्याच हाताने खिळा ठोकला." त्यांनी कागदावरून, न टेकवता, बोट फिरवलं. "तीस वर्षं मी हिला उन्हात ठेवलं आणि मला वाटायचं, ती माझ्याजवळ आहे."

मॅडम डोळे पुसत उठल्या. चित्र परत दिल्याच्या कागदावर तसं लिहून आणते, तुम्ही फक्त सही करा, म्हणून कचेरीकडे गेल्या. बाई आणि तो, दोघंच उरले. बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि हसायचा प्रयत्न केला. "त्या दिवशी तुम्ही उजेड दिलात ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "शेवटचं नीट बघून तरी झालं तिला. तुमचे उपकार आहेत."

वायर त्याच्या हातातून पडली. उपकार हा शब्द त्याला कानफटात बसल्यासारखा लागला, नव्हे, कानफटात बसली असती तर हायसं वाटलं असतं. बाई, ते ऊन नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. ते येईनात, आणि मग नेहमीप्रमाणे हातांनी सूत्रं घेतली. "एक मिनिट परत भिंतीवर लावू का?" तो म्हणाला. बाईंचा चेहरा उजळला. त्याला तो बघवला नाही. "लावा ना," त्या म्हणाल्या, "बघू दे की एकदा." त्याने बिनकाचेची चौकट उचलून जुन्या खिळ्याला लावली, पडदे ओढले, दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बटण दाबलं आणि परत येऊन त्यांच्याशेजारी उभा राहिला.

सोळा नंबरचा गोल भिंतीवर पडला तो थेट फिक्या गोलावर. रेघभर इकडे नाही की तिकडे नाही. झाकण डब्यावर बसावं तसा बसला. खाली उजवीकडे उजेडाला चावा होता आणि त्याच्याखाली कागदावर, चाव्याएवढाच, मूळचा गुलाबी शिल्लक होता. फ्रॉकचं एक टोक. बाई आधी हसऱ्या चेहऱ्यानेच बघत होत्या. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे तेवढे बदलले.

"हे रोज असं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चार महिने?"

"हो. तुम्ही गेल्यावर मोठा करायला हवा होता गोल. केला नाही."

"विसरलात?"

विसरलो म्हणता आलं असतं. बाईंनी ते वाक्य जवळजवळ त्याच्या हातात ठेवलं होतं, दादाने कंपासपेटी ठेवावी तसं. "नाही," तो म्हणाला. "तिसऱ्या सोमवारी कळलं होतं मला."

"मीच म्हटलं होतं उजेड द्या म्हणून," बाई पुटपुटल्या.

"तुम्ही पाच मिनिटं मागितली होती."

तेवढ्यात मॅडम कागद घेऊन दारात आल्या. "अरे, पडदे का ओढले? आणि दिवा कशाला?" आणि मग भिंतीकडे बघून त्या थांबल्या. गोलावर गोल. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनीही बावीस वर्षं याच दालनात काढली होती. "हा दिवा..." त्या सावकाश म्हणाल्या, "हे कुणाचं काम आहे?"

"माझं," तो म्हणाला.

आवाज खणखणीत आला. रिकाम्या दालनात तो घुमलासुद्धा. "वहीसुद्धा खोटी आहे, मॅडम. तिसऱ्या सोमवारनंतर मी इथे मापलंच नाही. त्यांची सही घेऊ नका. ऊन नव्हतं ते. माझं आहे." बोलत असताना त्याच्या छातीवरचा दगड हलला. चाळीस वर्षं उशिरा का होईना, कुणीतरी विचारलं होतं आणि त्याने 'कुणी नाही' म्हटलं नव्हतं. रविवारी दादाला सांगावं, असंही एक क्षण मनात येऊन गेलं. आणि आपण कसे उभे आहोत, आवाज कसा लागला, हे त्याला दिसलं. जणू परत खांबाला टेकून तो स्वतःचीच 'वा' ऐकत होता.

बाई यातलं काही ऐकत नव्हत्या. त्या भिंतीपाशी गेल्या होत्या. त्यांनी उजवा हात उचलून, कागदाला न लावता, त्या मुलीसमोर आडवा धरला. सगळा उजेड त्यांच्या हाताच्या पाठीवर आला. फुगलेल्या शिरा, एक जुना भाजल्याचा डाग, खाली उजवीकडे चावा. गोल हाताबाहेर कुठे सांडत नव्हता.

"आधी तो दिवा बंद करा हो," त्या म्हणाल्या. त्याच्याकडे न बघता. "तिच्यावर पडतोय."

बटण दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. तो चालायला लागला, मग धावला. बटण दाबून त्याने मागे वळून पाहिलं तेव्हा अंधारात त्याला आधी काहीच दिसलं नाही. मग दिसायला लागलं, तरी बाईंनी हात काढला नव्हता.